एक नंबर मोठे बूट

जपानला बर्फात जायचं ठरलं, तेव्हा नवऱ्याने स्नोबोर्डचे बूट मला न विचारताच आणले, तेही एक नंबर मोठे. "जाड मोजे घाल, बसतील," म्हणाला. सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये पंखा फुल करून मी रोज तासभर ते ताठ बूट घालून फिरायचे. आत टाच वर-खाली व्हायची, नडगी सोलवटून निघाली.

"नवे आहेत, होतील मऊ. तुला सगळ्याचाच त्रास होतो," फोनमधून मान वर न करता तो म्हणाला.

आठव्या दिवशी मी एकटीच बूट घेऊन दुकानात गेले. तिथल्या चिनी बाईंनी जाड मोजे काढायला लावले, पातळ मोजे दिले आणि एक नंबर लहान जोड पुढे ठेवला. बोटं पुढे जेमतेम टेकली, गुडघे वाकवल्यावर मागे सरली. टाच जागची हलली नाही. मला तिथेच संतापाने रडू आलं.

घरी बदलून आणलेला जोड पाहून तो म्हणाला, "मला मूर्ख ठरवायला गेली होतीस?"

"हो," मी म्हणाले.

जपानमध्ये मी तो लहान जोडच घातला. पहिल्या उतारावर तो मागून "थांब" म्हणून ओरडला. मी थांबले नाही.