हळूकाकांची रिकामी पिशवी

शाळेतल्या बाईंनी हळूकाकांना पहिल्यांदा नीट पाहिलं, ते आपल्या नातवाला केस कापायला नेलं त्या दिवशी. नातू तीन वर्षांचा, आवाज मात्र तीस वर्षांच्या माणसाचा. दुकानाच्या पायरीवरच त्याने बसकण मारली आणि भोकाड पसरलं. हळूकाका तेव्हा खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी ठेवत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"ही फळी हलतेय का, ते कुणीतरी बघायला पाहिजे," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

रडणं थांबलं. नातू आत गेला, दोन्ही हातांनी फळी हलवून बघितली. "नाही हलत."

"बरं झालं. आता डावा कान आधी की उजवा?"

त्याने बराच विचार केला आणि एका कानाला हात लावला. "हा."

केस कापून झाले तेव्हा शाबास, शूर, हुशार असलं काही हळूकाका बोलले नाहीत. "तू मान हलवली नाहीस, म्हणून ही कड सरळ आली बघ," एवढंच म्हणाले. पोराने आरशात कड पाहिली आणि छाती पुढे काढून घरी गेला.

कात्री लावण्याआधी प्रत्येक वेळी "हळूच हं" म्हणायचे, म्हणून मुलांनीच त्यांना हे नाव दिलं होतं. एखादी आई पोराला दटावायची, "गप बस, नाहीतर काका कान कापतील." हळूकाका लगेच हात थांबवायचे. "वहिनी, मला नका घेऊ त्यात. वीस वर्षं झाली, अजून एकही कान जमा नाही. हवं तर खण उघडून दाखवतो." आई हसायची, पोरगं हसायचं, आणि काम पुढे चालायचं.

त्यांची स्वतःची लेक चार वर्षांची. बायको लेक दीड वर्षाची असतानाच गेली, तेव्हापासून मोठी बहीण, अक्का, घर सांभाळत होती. लेकीचं घरातलं नाव मुंगी, कारण ती भिंतीच्या कडेकडेने चालायची. रात्री आठला हळूकाका घरी आले की ती दाराशी हात बांधून उभी राहायची आणि एका दमात सांगायची, "मी दूध सांडलं नाही, मी जिन्याकडे गेले नाही, मी रडले नाही."

पाहुणे म्हणायचे, "काय गुणी पोर आहे." हळूकाकांनाही तसंच वाटायचं. खोटं कशाला, त्यांना अभिमान वाटायचा.

मग एका दुपारी चष्मा विसरला म्हणून ते अवेळी घरी आले. दार लोटलेलं होतं. आतून अक्कांचा आवाज आला, "ये इकडे. येतेस का नाही? थांब, बाबा येऊ देत. त्यांच्या पिशवीत कात्री असते, माहीत आहे ना?"

आतली धावती पावलं जागच्या जागी थांबली. हळूकाका बाहेर उभेच राहिले. चष्मा न घेताच परत दुकानात गेले. त्या संध्याकाळी त्यांनी दोन गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं.

मुंगी झोपल्यावर त्यांनी विषय काढला.

"अक्का, तिला माझं भय नको घालूस."

"मी बोट तरी लावलंय का तिला? तुला वाढवताना दहा वेळा हात उगारला, हिच्यावर एकदाही नाही. नुसतं तुझं नाव घेते."

"तेच म्हणतोय मी."

"मग कुणाचं घेऊ? शेजाऱ्याचं?" अक्का गुडघ्याला तेल लावत होत्या. त्यांनी बाटली खाली ठेवली. "हे बघ, तुझ्या खुर्चीत पोर अर्धा तास बसतं, तेही फळीवर. माझ्याकडे दहा तास असतं, आणि मोकळं. ती जिन्याकडे धावते. माझे गुडघे धावत नाहीत. तिला थांबवायला माझ्यापाशी आहे काय? तुझं नाव आहे."

अक्का खरं तेच सांगत होत्या. दुकान बंद ठेवून घरी बसणं त्यांना परवडणारं नव्हतं, आणि मुंगीला अक्कांइतकं जपणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी जिन्याच्या तोंडाशी लाकडी फाटक बसवून घेतलं. अक्कांना आपली रीत समजावली : हुकूम सोडायचा नाही, दोनातलं एक निवडायला द्यायचं. अक्कांनी दोन दिवस मनापासून करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तिला विचारलं, आधी जेवतेस की आधी झोपतेस? म्हणाली, आधी बाहेर जाते. घे, निवडलं तिने." दोघंही हसले. पण चौथ्या दिवशी पुन्हा बाबांचं नाव निघालं. सवयच ती, तोंडाला बसलेली.

सुट्टीच्या वारी हळूकाका मुंगीला दुकानात घेऊन गेले. शटर अर्धं वर केलं, फळी ठेवली. ती सांगितल्याबरोबर चढून बसली. फळी हलतेय का, ते तिने बघितलं नाही. गळ्याभोवती कापड बांधलं तेव्हा आरशात तिचे डोळे मिटलेले दिसले.

"मुंगे, डावा कान आधी की उजवा?"

"तुम्ही म्हणाल तो."

गावभरची पोरं त्यांना अरेतुरे करत होती. तुम्ही म्हणणारी ही एकटी. हळूकाकांनी कात्री खणात ठेवली आणि कापड सोडलं. मान न हलवल्याबद्दल तिला काय सांगायचं, हे त्यांना सुचेना.

तिला शाळेत सोडताना त्यांनी बाईंना विचारलं. एव्हाना ती बालवाडीत, बाईंच्याच वर्गात जात होती. "बाई, दुसऱ्याच्या पोराची भीती मी पाच मिनिटांत घालवतो. हिची जात नाही."

"दुसऱ्याचं पोर तुम्हाला घाबरलं, तरी ते अर्ध्या तासात आपल्या घरी जातं," बाई म्हणाल्या. "हिला घरी तुमच्याकडेच यायचं असतं." यावर उपाय त्यांनाही ठाऊक नव्हता. जिला सतत शिक्षेची भीती असते ती मुलगी वर्गात कशी बसते, हे त्या रोज बघत होत्या. मुंगी कधी हात वर करत नव्हती.

आता मुंगी पहिलीत आहे. तिचे केस कमरेपर्यंत आले आहेत. अक्का रोज सकाळी वेणी घालतात आणि फाटकाला कडी लावतात. हळूकाका कात्री दुकानातच ठेवून येतात. रात्री आठला दारात उकिडवे बसून पिशवी तिच्यापुढे उघडी धरतात, डबा आणि पाण्याची बाटली बाहेर काढून दाखवतात.

मुंगी रोज वाकून पिशवीच्या तळापर्यंत बघते.