भोंग्याची बॅटरी

पांढरकवड्याच्या त्या मिस्त्रीचा मला फार हेवा वाटे. मी प्रचाराच्या गाडीचा ड्रायव्हर. गाडी नुकतीच रंगवून आणली होती. तिच्यात दोन बॅटऱ्या होत्या, त्यातली भोंग्याची चार्जच होईना. सकाळभर वायरी बदलून मी थकलो. शेवटी तो आला आणि नेहमीसारखा विजेशीच बोलू लागला, "कुठी लपली वं माय?" मग एका नटापाशी थांबला. "भाऊ, रंगाऱ्यानं अर्थिंगच्या वायरीखालीच रंग मारला न! करंट जाईन कुठून?"

त्यानं चाकूनं रंग खरवडला, नट आवळला. इंजिन सुरू करताच चार्जिंगच्या मीटरचा काटा हलला.

प्रचाराला निघालेल्या उमेदवार साहेबांनी विचारलं, "बिघाड कोणी शोधला?"

"ड्रायव्हर भाऊनं, साहेब. मी त निस्ता नट आवळला."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. तो सुपारी कातरत हसत होता. तेव्हा तर तो मला जास्तच खुपला. पुढं एकदा गाडी त्याच्याच दुकानासमोर बंद पडली, तरी मी ती ढकलत दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली.