दोनदा गुंफलेला दगड

महाडच्या बाजारात एक बाई सावित्री नदीतले गुळगुळीत दगड तांब्याच्या तारेत गुंफून गळ्यातली पदकं विकायची. तारेचं टोक दातांत धरलेलं असे. वेढा पुरा होईपर्यंत ती कोणालाही उत्तर देत नसे.

आमच्याकडचा खोत स्वतःच भाव ठरवून माल उचलायचा. अख्खा बाजार ते मुकाट सोसायचा, याचीच मला चीड होती.

एकदा खोताच्या लेकीनं पदक निवडलं. त्या बाईनं आठ आणे सांगितले. खोतानं दोन आणे टाकले. "नदीतला दगड नि वीतभर तार! आठ आणे कसले गो?"

तिनं शांतपणे तार उलगडली आणि दगड त्याच्या हातावर ठेवला. "दगड फुकट न्या. आठ आण्यांत माझी सकाळ हाय, ती दोन आण्यांत नाय मिळायची."

"बाबा, मला तेच हवं!" लेक रडकुंडीला आली. खोतानं चडफडत आठ आणे काढले.

"आता दहा. परत गुंफायचं हाय."

मी टाळी वाजवली आणि बाजार खदखदून हसला. खोतानं दहा आणे ठेवले. "आटप लवकर!"

तिनं तार दातांत धरली. वेढा पुरा होईपर्यंत खोत उन्हात उभा राहिला.