सोवळ्यातली बाटली

त्या वर्षी गौरीच्या नैवेद्याची घावनं मी करायची, असं सासूबाईंनी सांगितलं आणि माझे पाय जमिनीवर ठरेनात! लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आल्यापासून त्यांनी मला चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं. मला फेफरं यायचं. एकदा निखाऱ्यांपासून हातभर अंतरावर पडले, तेव्हापासून भाज्या चिरणं आणि तांदूळ निवडणं एवढंच माझ्या वाट्याला. पण डॉक्टरांचं खारट औषध सुरू झालं आणि सहा महिने एकही झटका आला नाही.

सकाळचा डोस घेऊन न्हाले, सोवळं नेसले, चुलीपाशी बसले. पहिलं घावन जाळीदार सुटलं तेव्हा मला हसू आवरेना.

आणि बारा वाजत आले. दुपारचा डोस! बाटली बाहेरच्या खोलीत, ओवळ्यात. हात लावला की सोवळं मोडलं. पुन्हा न्हाऊन येईपर्यंत तवा जाऊबाईंच्या हाती गेलाच म्हणायचा.

"आत्ताचा राहू दे. रात्री दोन एकदम घेईन," मी दाराआडून यांना सांगितलं.

"मुळीच नाही. चुकवायचा नाही आणि दुप्पट घ्यायचा नाही, डॉक्टरांनी बजावलंय. औषध नाही तर चूलही नाही."

मला असा संताप आला! यांचा, डॉक्टरांचा आणि त्या मेल्या बाटलीचाही. खरं तर चूक माझी होती. झटका आला असता तर समोर जाळच होता.

सासूबाई आतच होत्या. इंग्रजी औषधाचं त्यांना भारी वावडं. सहा महिन्यांत त्यांनी बाटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, अशी माझी समजूत होती. त्या उठल्या. धाबळीचा तुकडा घेतला, कारण लोकर ओवळी होत नाही, आणि त्यात धरून बाटली घेऊन आल्या. चांदीची वाटी माझ्या हातात दिली.

बाटलीवर डोसांच्या खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवलेली होती. ती त्यांनी उजेडात धरली.

"एका वेळी एकच खाच ना गं?"

"हो."

त्या ओतणार, एवढ्यात थांबल्या.

"आधी हलवायला हवी. खाली साका बसतो म्हणत होता तो डॉक्टर."

हे डॉक्टरांनी यांना बाहेरच्या खोलीत सांगितलं होतं, अगदी पहिल्या दिवशी. सासूबाई बाटली जोरजोरात हलवत होत्या, माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि तव्यावरचं घावन पार करपलं.