खोटी कबुली मी दिली नाही

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि डाव्या दंडावर कोंबडीचं पीस फिरवायला सुरुवात केली. "पीस लागेल तिथं बोट ठेवा," ते म्हणाले. मी बोट ठेवत गेले. मग बराच वेळ काहीच लागेना. डॉक्टर थांबले असतील असं वाटून मी डोळे उघडले. पीस माझ्या दंडावरच्या फिकट चट्ट्यावरच फिरत होतं.

"बाई, हा लेप्रसी आहे," ते म्हणाले. लेप्रसी म्हणजे महारोग.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. आमचे हे पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या बाजूला होते. मी वडूजला मिशनच्या शाळेत शिकवत होते. घरात सासूबाई आणि माझी लहान मुलगी सुशीला. चट्टा ना खाजत होता, ना दुखत होता. चुलीतली ठिणगी त्यावर पडली, कातडी भाजली आणि मला कळलंसुद्धा नाही, म्हणून मी साताऱ्याला दाखवायला आले होते. तुमच्या अंगावर असा मुका चट्टा निघाला, तर माझ्यासारखी दिरंगाई करू नका.

मग स्मिअर काढला. कानाच्या पाळीला बारीक चीर देतात, तिथला रस काचेच्या पट्टीवर घेतात आणि त्यात जंतू दिसतात का ते पाहतात. मी व्हरांड्यातल्या बाकावर पदर डोक्यावर ओढून बसले. शेजारी एक बाई लेकराला पाजत होती. तिला कळलं तर ती उठून जाईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात घोळत होता.

"स्मिअर निगेटिव्ह आहे," डॉक्टर म्हणाले. "जंतू दिसले नाहीत. तुमच्यापासून दुसऱ्याला लागण व्हायची भीती फारशी नाही. पण रोगानं नसा धरल्यात. उपचार लांबतील, महारोग्यांच्या आश्रमात राहावं लागेल."

"हे कशामुळं झालं?"

"जंतूमुळं."

"माझं काही चुकलं का?"

त्यांनी चष्मा काढला. "जंतू माणसाची चालचलणूक विचारत नाही, बाई."

वडूजला मात्र विचारणारे होते. दोनच दिवसांत आमचे पाळक घरी आले. पाळक म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू. माझं लग्न त्यांनीच लावलं होतं. माणूस वाईट नव्हता. ते ओसरीवर बसले, पण पाण्याचा तांब्या त्यांनी हातात घेतला नाही.

"देव कारणाशिवाय मारत नाही," ते म्हणाले. "अंतःकरणात काही लपलं असेल. नवरा दूर, तुम्ही तरुण. रविवारी मंडळीपुढं कबूल करा. आम्ही प्रार्थना करू. तोवर प्रभुभोजनाला बसू नका."

प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या नावानं आम्ही सगळे एका ताटातली भाकर वाटून घेतो ते. तिथून उठवणं म्हणजे वाळीत टाकणं.

"कबूल काय करू? पापाचं नाव सांगा."

"ते तुम्हालाच ठाऊक."

"मला ठाऊक नाही. तुम्हाला असेल तर सांगा, सुशीलेच्या देखत सांगा."

ते उठले. शाळेचं कामही त्या आठवड्यात गेलं.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "म्हन की एकदा. शब्दच तर हाय. जीभ झिजती व्हय? उद्या पोरीला कोन करून घील?"

"आत्या, तुमच्या लेकाच्या माघारी मी कुणाकडं गेले होते, असं म्हणू?"

त्यांचा हात पिठातच राहिला. "आगं न्हाई न्हाई, तसलं नगं. दुसरं कायतरी म्हन. चोरी केली म्हन."

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांना माझी काळजी होती, पोरीची होती. त्यांच्यासाठी तरी म्हणावं, असं मला त्या घटकेला वाटलं. पण मी वर्गात पोरांना काय शिकवत आले होते? देव आतलं बघतो. आत स्वच्छ ठेवा, मग बाहेर कुणी काही म्हणो. जे केलं नाही ते देवाच्या घरात उभं राहून केलं म्हटलं असतं, तर तेच माझ्या अंतःकरणातलं पहिलं मोठं पाप झालं असतं. रविवारी मी गेले नाही. सोमवारी पेटी भरली, सुशीलेला आत्यांपाशी ठेवलं आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं सांगलीकडं निघाले.

मिशनचा आश्रम गावाबाहेर होता. आठवड्यातून दोनदा कडू कवठीच्या बियांच्या तेलाची इंजेक्शनं; तेव्हा या रोगावर तेवढंच औषध होतं. तेल दाट, सुई जाड. टोचलेल्या जागी गाठी व्हायच्या, बसवत नसे.

माझ्या शेजारच्या खाटेवर कवठे महांकाळची गंगाबाई होती. दोन्ही हातांची बोटं झडलेली. घरच्यांनी तिला फाटकाशी सोडलं होतं आणि पुन्हा कुणी फिरकलं नव्हतं. मला रिअॅक्शन आली, म्हणजे जंतूंशी झगडताना शरीर आपल्याच नसा सुजवून घेतं, तेव्हा हात कोपरापासून पेटल्यासारखा झाला. ताप उतरेना. गंगाबाई दोन तळव्यांच्या मधे पेला धरून मला पाणी पाजायची. थेंब सांडत नसे.

मी एकदा तिला पाळकांचं सांगितलं. ती फिस्सकन हसली.

"पापानं बोटं जात्यात? आमच्या भावकीतल्या एकानं सख्ख्या भावाला हिरीत ढकाललं. त्येची धाई बोटं जाग्यावर हायती, बाई."

तापात मला एक गोष्ट मात्र दिसली. पाळकांच्या गालावर असाच चट्टा उठावा, असं मी रोज मनात म्हणत होते. माझ्या अंतःकरणात मळ होताच, फक्त ते शोधत होते तो नव्हता. मी तो देवाला सांगितला. मंडळीला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. राग लगेच गेला नाही, अजूनही डोकं काढतो. पण चट्ट्याची इच्छा गेली.

लढाई संपली. हे फौजेतून सुटून घरी गेले आणि तिथून थेट आश्रमात आले.

"आईनं समदं सांगितलं," ते म्हणाले. "मी कायबी इचारनार न्हाई."

"विचारा. मला उत्तर द्यायचंय."

"बरं. हुतं काय?"

"नव्हतं."

"मला ठावं हुतं," म्हणाले आणि माझा वाकडा झालेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. नर्स बघत होती तरी सोडला नाही.

पुढं सल्फोनच्या गोळ्या आल्या. या गोळ्या जंतूंची वाढ रोखतात. त्यानं रक्त कमी होतं, म्हणून सारखं रक्त तपासत. ओठ पांढरे पडले, पण चट्टा विरत गेला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "रोग अरेस्टेड आहे. म्हणजे थांबला. करंगळी सरळ होणार नाही. घरी जा."

वडूजला पाळक स्वतः मोटारीपाशी घ्यायला आले. त्यांचे डोळे भरले होते. "रविवारी साक्ष द्या," म्हणाले. "तुमचं अंतःकरण शुद्ध झालं म्हणून देवानं तुम्हाला बरं केलं, एवढं सांगा. लोकांचा विश्वास वाढेल."

या खेपेला मी रविवारी गेले. मंदिर, म्हणजे आमचं चर्च, भरलेलं. मी उभी राहिले.

"मी गोळ्यांनी बरी झाले," मी म्हणाले. "गोळ्या देवानंच माणसाला सुचवल्या, त्याचे उपकार मानते. पण अंतःकरण शुद्ध झालं म्हणून मी बरी झाले, असं म्हणणार नाही. कारण माझ्या शेजारच्या खाटेवर माझ्यापेक्षा शुद्ध अंतःकरणाची बाई आहे आणि तिची बोटं परत आलेली नाहीत. मी असं म्हटलं तर तिला काय तोंड दाखवू?"

मागच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. दोन कुटुंबं उठून गेली. पाळकांनी गीताचं पुस्तक उघडलं. मग आत्या उभ्या राहिल्या. मंदिरात त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"चोरी केली म्हन, असं मीच हिला म्हनलं हुतं," त्या म्हणाल्या. "हिनं ऐकलं न्हाई, त्ये लय बरं झालं." आणि खाली बसल्या.

शाळेनं मला परत घेतलं नाही. मीही विचारायला गेले नाही. महिन्यातून एकदा मी आश्रमात जाते आणि बायकांना लिहायला शिकवते. गंगाबाईच्या मनगटाला मी फडक्यानं पेन्सिल बांधते. 'ग' तिला अजून उलटा येतो. मी दुरुस्त करायला हात पुढं केला की ती मला ढकलून देते.