बेअरिंगला विचार

माझ्या हातून झालेली सगळ्यात वाईट चूक तीन शब्दांची होती. ‘नाडी सापडली नाही.’ हे शब्द मी स्वतः लिहिले होते, आणि ते वाचले माझ्या वडिलांनी.

बाबांनी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं लेथ चालवली. रिटायर झाले आणि दुसऱ्याच वर्षी छातीत कळ आली. आत एक जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, हृदय आता ठणठणीत आहे, हिंडाफिरा, रोज संथ श्वासाचा व्यायाम करा. हृदय ठणठणीत होतं. बाबांचा त्याच्यावरचा विश्वास मात्र उडाला होता. दिवसातून दोनदा तरी ते बोलता बोलता थांबायचे, छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “बंद पडतंय बघ.” चार महिने ते फाटकाबाहेर गेले नाहीत. दर रविवारी शहागंजच्या बाजारात जुन्या हत्यारांच्या ढिगाशी उकिडवं बसल्याशिवाय ज्यांना करमत नसे, ते सिडकोतल्या आमच्या ओट्यावरूनच मागे फिरायचे. करमाडला काकांच्या घरी लग्न झालं, तिथंही गेले नाहीत. दिवाण ते ओटा आणि ओटा ते दिवाण, एवढ्यातच हा माणूस संपणार, अशी मला धास्ती बसली होती.

व्यायामाचा कागद आईने केव्हाच मसाल्याच्या कप्प्यात अंथरला होता. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करायचे, हाताशी मोकळा वेळ होता आणि अंगात खुमखुमी. मी ॲप लिहायला घेतलं. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं. दिव्याचा उजेड बोटातून झिरपतो आणि दर ठोक्याला किंचित कमीजास्त होतो, त्यावरून ठोके मोजायचे. पडद्यावर एक वर्तुळ फुगतं आणि आकसतं, त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा आणि सोडायचा. श्वास संथ झाला की ठोकेही निवांत होतात, आणि ते आपल्याच डोळ्यांना दिसतं. ॲप ओपन सोर्स ठेवलं, म्हणजे त्याचा कोड कुणीही बघावा, वापरावा, दुरुस्त करावा. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “म्हंजे गावच्या हिरीवाणी. कुणीबी दोर सोडावा.”

ॲप मी माझ्या बोटावर तपासलं, ऑफिसातल्या मैत्रिणींच्या बोटांवर तपासलं. झकास चाललं. आईच्या बोटावर तर पहिल्या फटक्यात चाललं आणि तिने ते दिवसभर मिरवलं. मग फोन बाबांकडे दिला.

बाबांच्या बोटांच्या टोकांना लोखंडाच्या किसाने इतकी वर्षं घट्टे पाडले होते. तव्यावरची भाकरी ते चिमट्याशिवाय उलटायचे. त्या कातडीतून माझा उजेड काय झिरपणार! पण हे मला सुचलंच नव्हतं, कारण शहाणपण सगळं माझ्याकडेच होतं ना. बाबांनी बोट ठेवलं. ‘नाडी सापडली नाही.’ पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी आधी बोट शर्टाला पुसलं.

“बघ,” ते म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता. “मी म्हणतच व्हतो.”

“अहो बाबा, तुमचं बोट जाड आहे म्हणून होतंय. ॲप चुकतंय.”

“माणूस खोटं बोलंल. गेज कशाला बोलंल?”

आयुष्यभर जो पार्ट मापाच्या गेजमध्ये बसला तो पास, नाही बसला तो रिजेक्ट, असं मानलेला माणूस. त्याच्यापुढे मी मुलगी म्हणून काय शपथा घेणार? त्यांनी फोन दिवाणावर उपडा ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी ते तीन शब्द लगेच पुसले. वर मोरीत जाऊन रडले, तेही सांगून टाकते.

उन्हाळ्याचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी दुपारी कूलर कुरकुरायला लागला. बाबा कितीही रुसलेले असोत, कुरकुरणारी मोटर त्यांना ऐकवत नसे. उठले, लांब पेचकस घेतला, त्याचं टोक मोटरला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. लहानपणापासून मी हे बघत आले होते. दसऱ्याला कारखान्यात घरच्यांना नेत, तेव्हा झेंडूच्या माळा घातलेल्या त्यांच्या लेथला मी असाच पेचकस लावला होता. काहीच ऐकू आलं नाही म्हणून माझं तोंड पडलं, तर बाबा म्हणाले होते, “आज सुट्टी हाय तिची. उद्या बोलंल.”

“बेअरिंग गेलं,” त्यांनी निकाल दिला.

आवाज तर सगळ्या पत्र्यातून येत होता. मी विचारलं, पेचकस बरोबर तिथंच का लावला?

“पत्रा काय, कसाबी वाजतोय. खरं काय ते बेअरिंगला विचारावं.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, म्हणजे फोनला हालचाल कळते. पार बारीकशीही कळते. मग मी बोटाला कशाला विचारत बसले होते?

आठवडाभरात नवं ॲप तयार झालं. बाबांना दिवाणावर उताणं झोपवलं आणि फोन छातीवर ठेवला. नाही-होय करत तयार झाले, पण डोळे घट्ट मिटलेले आणि मुठी आवळलेल्या. माझ्या लॅपटॉपवर रेघ उमटायला लागली. श्वासाच्या लांब लाटा आणि त्यांच्यावर ठोक्यांचे बारीक काटे, एकही न चुकता. मला ओरडावंसं वाटलं, पण नोंद बिघडेल म्हणून ओठ दाबून बसले. चौथं मिनिट चालू असताना आई चहा घेऊन आली. तिने बाबांकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

“इतकी वर्षं तुम्ही मशीनच्या उरावर बसले,” ती म्हणाली, “आता बसली की मशीन तुमच्या उरावर!”

बाबा हसले. आधी नाकातून, मग पोट हलायला लागलं, मग फोन घसरेपर्यंत हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा. लॅपटॉपवर रेघेचा पार चिवडा झाला. हसता हसताच त्यांनी एक डोळा उघडला.

“पास का रिजेक्ट?”

“पास,” मी म्हणाले. “जोरात चाललंय.”

त्यांनी लॅपटॉप जवळ ओढून आपला एकेक ठोका बोटाने मोजला. ही नोंद कोडबरोबर ठेवू का, सगळ्यांना दिसेल, असं विचारलं तर म्हणाले, “ठिव की. चोरीचा माल हाय का त्यो?” नाव न लिहिता मी ती सात नंबरची फाईल म्हणून ठेवली. तेव्हापासून कोडमध्ये कुणीही काही बदललं, की तो बदल आधी बाबांच्या त्या श्वासावर तपासला जायचा.

पुढेही खोड्या झाल्याच. मी शंभरपैकी गुण दाखवायला लागले, तर बाबा शंभर मिळवायला श्वास कोंडून धरायचे आणि ठोके उलट वाढायचे. गुण काढून टाकले, तर म्हणे बिनगेजचं काम आपण करत नसतो. महिनाभर भांडलो. पण रोज सकाळ-संध्याकाळ दिवाणावर पडायचे मात्र.

आणि एका रविवारी बाबा घरात नव्हते. ओट्यावर नव्हते, गल्लीत नव्हते. आईने देव पाण्यात ठेवायचेच बाकी होते. मी गाडी काढतेय तोवर बाबाच रिक्षातून उतरले, हातात एक गंजका पाना. सांगायला लागले, शहागंजच्या गर्दीत छाती धडधडायला लागली तशी एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि फोन शर्टाच्या आत छातीशी धरला. दुकानदार धावत आला, म्हणाला, “चचा, तबियत तो ठीक है ना? पानी लाऊं?”

“मग काय म्हणालात?”

“म्हन्लं, कुछ नै मियाँ, मशीन गरम हुई थी. ठंडी होरी अब.”

त्या दिवशी आईने पुरण घातलं. बाबा त्यानंतर करमाडला गेले, शेतात हिंडले, पुढची कैक लग्नं जेवले. मला त्या रविवाराइतकं सुख पुन्हा कधी झालं नाही.

बाबा गेले त्याला आता वर्ष होईल. तापाचं निमित्त झालं. परवा ॲपवर काम करणाऱ्या कुणा परदेशातल्या मुलीचा निरोप आला. फार सौजन्याने लिहिलं होतं: सात नंबरची फाईल सदोष आहे, चौथ्या मिनिटाला श्वास तुटतो आणि नुसता गोंगाट आहे, म्हणून ती काढून टाकावी. बदल तिने तयार करून ठेवला होता. मी फक्त होकाराचं बटण दाबायचं होतं.

मी रेघ उघडली. लांब लाटा, लाटा, आणि मग तो चिवडा. आई पाठीशी येऊन उभी राहिली.

“हे काय गं?”

“तू बाबांना हसवलंस ना, ते.”

तिने चष्मा लावला, खाली वाकली आणि त्या चिवड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “लई हसले व्हते.”

मी उत्तर लिहिलं: दोष नाही. हा माणूस इथं हसतो आहे. फाईल राहू द्या, आपल्या कोडलाच हसणं ओळखायला शिकवू. त्या मुलीने आठ दिवसांत ते लिहून पाठवलं. आता छातीवर फोन ठेवून कुणी हसलं, की ॲप तक्रार करत नाही. वर्तुळ थांबतं आणि हसणं सरेपर्यंत वाट बघतं.

ते तपासायला मी आईलाच दिवाणावर झोपवलं. श्वास संथ झाला, लाटा यायला लागल्या. हसवायचं काम माझ्याकडे होतं आणि मला काही म्हणता काही सुचेना. घरातलं ते खातं कायम तिचंच. शेवटी तिनेच एक डोळा उघडला.

“पास का रिजेक्ट?”

आम्ही दोघी हसलो, आणि मग नुसतं हसणं राहिलं नाही. वर्तुळ थांबून होतं.