दारातली हाक

निजामाचं राज्य गेलं आणि तुरुंगात शिपाई असलेल्या आमच्या माणिकप्पाकाकांना नवं काम मिळालं: सुटलेल्या कैद्यांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करायची. पहिलंच घर मुरुमच्या बब्रुवानचं. तो तुरुंगात होता तेव्हा सोलापूरला गिरणीत आहे, असं बायकोनं गावभर सांगितलेलं. पाव्हण्यासारखं आत जाऊन पाणी मागायचं सोडून काकांनी दारातूनच तुरुंगातली कडक हाक मारली, "बब्रुवान धोंडीबा!"

सोयऱ्यांच्या पंगतीतला बब्रुवान ताटावरून उठला, उकिडवा बसला आणि हात डोक्यावर ठेवून ओरडला, "हाजिर!"

सोयऱ्यांचे घास हातातच राहिले.

पुढच्या खेपेला दाराला कुलूप होतं.

काका शेवटपर्यंत स्वतःवर चिडायचे, "माझ्या पहाऱ्यातून एक बी कैदी पळाला न्हाय. सुटलेला माणूस मात्र म्याच पळवून लावला."